तीनशे अठरा बायकांची वयं

बायका वय खोटं सांगतात आणि वजन त्याहून खोटं सांगतात, हे माझं बावीस वर्षांच्या नोकरीतून तयार झालेलं मत होतं. मत कसलं, खात्रीच. त्या खात्रीनं मी काय घोळ घातला ते सांगते.

मी मॅमोग्राफीच्या खोलीत काम करते. स्तनांचे फोटो काढते, असं सरळ सांगितलं की लोक आधी इकडेतिकडे बघतात आणि मग हवेचा विषय काढतात. काम सोपं आहे. बाई मशीनसमोर उभी राहते, मी तिचा स्तन खालच्या पट्टीवर नीट ठेवते, वरची पारदर्शक पट्टी खाली आणून दाबते आणि म्हणते, "श्वास रोखा." बाई श्वास रोखून मनातल्या मनात मला शिव्या घालते. तेवढ्यात फोटो निघतो. बाहेरच्या बाकावर माझं नाव 'दाबबाई' पडलंय हे मला ठाऊक आहे, आणि मी त्याचं वाईट वाटून घेत नाही. नीट दाबलं नाही तर फोटो धूसर येतो आणि त्याच बाईला परत बोलवावं लागतं. मग ती दुप्पट शिव्या घालते.

आमच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला ताई म्हणतात. हुशार पोरगी. दीड वर्षापूर्वी एका सकाळी त्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आपण एक अभ्यास करायचा. कुठल्या बायकांचे स्तन दाट असतात आणि कशामुळे, ते शोधायचं."

आता दाट म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण बाकावरच्या निम्म्या बायकांना वाटतं की ते हाताला लागतं. नाही लागत. आकारावरूनही कळत नाही. फोटोत चरबी काळपट दिसते आणि दुधाच्या ग्रंथी, तंतू वगैरे पांढरे दिसतात. ज्या फोटोत पांढरं जास्त, ते स्तन दाट. आजार नव्हे, दोष नव्हे, कुणाची चूक तर मुळीच नव्हे. पंचाईत एवढीच की गाठही पांढरीच दिसते. दाट फोटोत गाठ शोधायची म्हणजे पांढऱ्या भिंतीवर खडूनं मारलेली रेघ शोधायची. म्हणून कुणाला फोटोबरोबर सोनोग्राफीही करायची, हे मॅडमना आधीच ताडता यायला हवं होतं. चार गट असतात. चौथा सगळ्यात दाट. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना चौथा गट मिळाला तेव्हा त्या माझ्याशी अर्धा तास भांडल्या. म्हणे, आयुष्यात त्यांनी चौथा नंबर पाहिला नव्हता.

फॉर्मवर पंधरा प्रश्न होते. वय किती, वजन किती, उंची किती, मुलं किती, पहिलं मूल कितव्या वर्षी, पाळी सुरू आहे की बंद, बंद झाल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेता का, आईला किंवा बहिणीला कॅन्सर झालाय का. खोलीत एक वजनकाटा होता, पण तो बाई चढायच्या आधीच चौदा किलो दाखवायचा. मॅडम म्हणाल्या, "राहू दे तो. तुम्ही नुसतं विचारा आणि सांगतील ते लिहा."

सांगतील ते लिहा! मी मनातल्या मनात हसले. पोरगी हुशार, पण बाकावर कधी बसली नव्हती.

माझा नवरा शिंपी आहे. त्याच्याकडून मी एक गोष्ट पक्की शिकले होते. तो म्हणतो, "गिऱ्हाईक आपलं माप सांगतं ना, ते कधीच ऐकायचं नाही. ते दहा वर्षांपूर्वीचं माप सांगत असतं." लग्नानंतर तीस वर्षं मी हे ऐकत आले होते. तेव्हा मी माझी पद्धत ठरवली. बाई समोर असेपर्यंत ती सांगेल ते पेन्सिलीनं लिहायचं, म्हणजे तिलाही बरं वाटतं. ती कपडे बदलायला पडद्याआड गेली की रबरानं खोडायचं आणि खरा आकडा पेनानं लिहायचा. खरा म्हणजे मला दिसेल तो.

वयात साधारण तीन वर्षं मिळवायची, वजनात पाच किलो. पण मी काही आंधळेपणानं मिळवत नव्हते, माणूस बघून मिळवत होते. थकलेली, केस पिकलेली, गुडघे धरून उठणारी बाई साठ म्हणाली की मी साठच लिहायची. बिचारी कशाला खोटं बोलेल? पण केस काळेकुळकुळीत, पाठ ताठ, चालणं टुकटुक, आणि म्हणे मी अठ्ठेचाळीस! तिच्या खात्यात मी सहा वर्षं टाकायची. तसंच वजनाचं. जाडजूड बाई ऐंशी म्हणाली तर ऐंशी. शिडशिडीत बाई अठ्ठेचाळीस किलो म्हणाली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अठ्ठेचाळीस किलो! मी शाळेत होते तेव्हा होतं ते माझं! लिहा छप्पन्न.

मुलांच्या आकड्याला मात्र मी हात लावला नाही. मुलं कुणी लपवत नाही.

असे दीड वर्षात तीनशे अठरा फॉर्म भरले. प्रत्येक फॉर्म मी मायेनं दुरुस्त केला. मॅडम त्यांची बेरीज-वजाबाकी कॉम्प्युटरवर करत होत्या, आणि आपण त्यांच्या अभ्यासाची लाज राखतोय या विचारानं मी खूश होते.

मग एका दुपारी मॅडम धावतच खोलीत आल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"ताई, काय निघालंय माहितीये? सगळ्या जगात वय वाढलं की दाटपणा कमी होतो. आपल्याकडे होतच नाही! जगात वजन जास्त असलेल्या बायकांचे स्तन कमी दाट असतात. आपल्याकडे वजनाचा काही संबंधच दिसत नाही! मी तीनदा तपासलं."

"अगंबाई," मी म्हटलं.

"आणि गंमत म्हणजे मुलांचं बरोबर जगासारखंच येतंय. मुलं जास्त तर दाटपणा कमी, पहिलं मूल उशिरा तर दाटपणा जास्त. फक्त वय आणि वजन उलटं. असं कुणालाच सापडलेलं नाही. मी कळवलं, तर डॉक्टरांच्या परिषदेत मला सकाळच्या मोठ्या सभागृहात बोलायला बोलावलंय. तीन आठवड्यांनी. माझे जुने सर पहिल्या रांगेत असतील. ते मला म्हणाले होते, तुझ्याच्यानं अभ्यास होणार नाही, तू आपली रिपोर्ट लिही. आता बघू देत!"

एवढं बोलून त्यांनी मला मिठी मारली. पोरीनं मला मिठी मारली आणि मी तिच्या खांद्यावरून फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. कारण फक्त वय आणि वजन उलटं, म्हणजे नेमकं मी जिथं जिथं बोट घातलं होतं तिथं तिथं उलटं.

मी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला. असेलही आपल्याकडे वेगळं. हवा वेगळी, पाणी वेगळं. पण दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी थेट नवऱ्याच्या दुकानात गेले. तो एका कोटाची बाही उसवत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं तोंडातल्या दोन टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं, मी गिऱ्हाईकाचं ऐकत नाही, पण मग टेप लावतो ना! टेपवर येईल ते लिहितो. तू काय लावलंस?"

"नजर," मी म्हटलं.

"नजरेनं मी रुमालसुद्धा कापत नाही."

"मग आता काय करू?"

"उसवायचं," तो म्हणाला आणि बाहीकडे वळला. "जितकं उशिरा उसवशील तितकं कापड जास्त खराब होईल."

सांगणं त्याचं सोपं होतं. त्याची नोकरी जाणार नव्हती. नोकरीचं तरी मी एक वेळ सोसलं असतं, पण मॅडमनी माझ्यावर विश्वास टाकला होता. घरचं, माहेरचं, सासरचं सगळं त्या माझ्याजवळ बोलायच्या. सांगितलं तर ती पोरगी पुन्हा माझं तोंड बघायची नाही. आणि नाही सांगितलं तर ती मोठ्या सभागृहात उभी राहून, पहिल्या रांगेतल्या सरांसमोर, माझ्या नजरेचा निष्कर्ष जगाला सांगणार. कुणीतरी शहाणा उठून दोन प्रश्न विचारणार आणि हिचं हसं होणार. मी चार दिवस मूग गिळून बसले. त्या चार दिवसांत मी इतकं हलकं दाबलं की सहा बायकांचे फोटो परत काढावे लागले.

पाचव्या दिवशी शेवटची बाई गेली आणि मी मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, सांगतील ते लिहा. मी ते लिहिलं नाही."

मी सगळं सांगितलं. पेन्सिल, रबर, पेन, टुकटुक चालणाऱ्या बाया, सगळं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या ओरडल्या नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सगळ्यांना सारखं मिळवलं का? तीन म्हणजे तीन, पाच म्हणजे पाच? तसं असेल तर वजा करता येईल."

"नाही हो. माणूस बघून."

"माणूस बघून म्हणजे?"

"जी जास्त चांगली दिसेल तिला जास्त."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ज्या तरुण आणि बारीक, ज्यांचे स्तन मुळात दाट असणार, नेमक्या त्यांनाच तुम्ही म्हातारं आणि जाड केलंत." मग त्या उठल्या, पर्स घेतली आणि दारातून म्हणाल्या, "उद्यापासून फॉर्मला हात लावू नका."

त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. "पुढची पाठवा." "डावीकडचा परत घ्या." ताई म्हणणं बंद. त्यांनी परिषदेला कळवून टाकलं की निष्कर्षात चूक आहे. तिकडून उत्तर आलं की मग तुम्ही सकाळी मोठ्या सभागृहात नको, जेवणानंतर मागच्या लहान खोलीत बोला, काही बोलण्यासारखं उरलं तर. ते पत्र त्यांनी टेबलावर उघडंच ठेवलं होतं. मी वाचलं आणि मला स्वतःची इतकी चीड आली की मी स्टोअरमध्ये जाऊन पंधरा मिनिटं रडले.

रडता रडता कोपऱ्यातल्या दिव्याच्या डब्यावर नजर गेली. पूर्वी फिल्म निघायच्या तेव्हा त्या या डब्यावर लावून बघायचो. पांढरी काच, आत दिवा. मी डोळे पुसले, तो डबा उचलून मॅडमच्या टेबलावर आणला आणि एक फॉर्म त्यावर धरला. मी पेन्सिल जोरात टेकवते, ही माझी लहानपणापासूनची खोड. खोडलेल्या आकड्याचा वळ कागदात तसाच उमटला होता. पेनानं लिहिलेल्या छप्पन्नच्या खाली अठ्ठेचाळीस स्वच्छ दिसत होतं.

मॅडम वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण पेन्सिल खरी की पेन खरं, हे कसं कळणार? बायकाही खोटं बोलल्या असल्या तर?"

"बोलावून घ्यायचं," मी म्हटलं. "आणि या खेपेला टेप लावायची."

नवा वजनकाटा आला. मॅडमनी गठ्ठ्यातून डोळे मिटून साठ फॉर्म काढले आणि फोनचं काम मला दिलं. ती शिक्षाच होती, आणि मी मुकाट्यानं घेतली.

"मॅमोग्राफीतून बोलतेय. तुमचं वय परत विचारायचं होतं."

"का? मध्ये बदललं का?"

"नाही, वयाचा पुरावा घेऊन यायचंय. आणि वजनही करायचंय."

"तेव्हा सांगितलं ते काय केलंत? पेपरात छापलंत?"

एकीच्या नवऱ्यानं फोन उचलला. "तिचं वजन ना? मी सांगतो, मला माहितीये, परवाच..." एवढ्यात काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. दुसरीला वाटलं तिला काहीतरी गंभीर निघालंय आणि मी वजनाचं निमित्त सांगतेय. तिची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. पण एक खरं, साठपैकी सत्तावन्न बायका आल्या. कुणी लेकीला घेऊन आली, कुणी सुनेला, एक तर विहिणीला घेऊन आली. चपला काढून एकेक जण काट्यावर चढली आणि मॅडम पेन्सिलीच्या वळाशी आकडा ताडून बघत गेल्या.

बरोबर. बरोबर. एक किलो कमी. बरोबर. दीड किलो जास्त, पण ती म्हणाली की तेव्हा हिवाळा नव्हता, आता अंगात स्वेटर आहे. काढला, तर बरोबर.

ती अठ्ठेचाळीस किलोवाली शिडशिडीत बाई आली. ती वाचनालयात काम करते आणि दिवसभर शिडीवर चढउतार करते. काट्यानं साडेसत्तेचाळीस दाखवलं. मी काट्याखाली वाकून बघितलं, काही अडकलंय का म्हणून. काही अडकलं नव्हतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही तेव्हाही असंच वरून खालपर्यंत बघितलं होतंत." मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

वय खोटं सांगणारी सत्तावन्नात फक्त एक निघाली. तिच्या कागदावर जन्मसाल बघून मॅडम चक्रावल्या, कारण ती छप्पन्नची होती आणि तिनं साठ सांगितलं होतं.

"वाढवून सांगितलंत?"

"हो," ती लाजून म्हणाली. "छप्पन्न सांगितलं की कुणी काही म्हणत नाही. साठ सांगितलं की सगळे म्हणतात, अय्या, वाटत नाही हो!"

मी तिच्या साठात आणखी पाच घालून पासष्ट केले होते.

आठवड्याभरात फॉर्मांचा गठ्ठा दिव्यावर धरून झाला. मी वळ वाचायची, मॅडम कॉम्प्युटरवर आकडा बदलायच्या. मग त्यांनी बेरीज-वजाबाकी परत केली, आणि निघालं ते जगासारखंच निघालं. वय वाढलं की दाटपणा कमी. वजन जास्त की दाटपणा कमी. पाळी बंद झाली की कमी, आणि त्यानंतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत जास्त. नवीन असं काहीच नाही. मला वाटलं मॅडम खचतील, पण त्या तक्त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "चला, निदान कुणाला सोनोग्राफीला बोलवायचं ते तरी आता नीट कळेल." जेवणानंतर, मागच्या लहान खोलीत, हेच त्या सांगणार होत्या.

गठ्ठा आवरताना त्यांनी एक फॉर्म बाजूला काढला. "हा एक राहिलाय. यावर पेन्सिलीचा वळच नाही. वय शेहेचाळीस, वजन अठ्ठावन्न, सरळ पेनानं. फॉर्मवर नुसता नंबर आहे. नावाची वही बघा आणि हिला फोन करा."

मला वही बघायची गरज नव्हती. अभ्यासाच्या पहिल्या महिन्यात मॅडम म्हणाल्या होत्या, इथं काम करणाऱ्या बायकांचेही फोटो घेऊ. माझा फोटो त्यांनी स्वतः काढला होता. फॉर्म मात्र मी एकटीनं बसून भरला होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. सगळ्याच कमी सांगतात, मग मीच काय पाप केलंय, असं मला वाटलं होतं. आता मात्र कान गरम झाले. सत्तावन्नपैकी छप्पन्न बायकांनी मला खरं सांगितलं होतं. जी एक चुकली तिनंही वाढवून सांगितलं होतं. कमी करून सांगणारी अख्ख्या गठ्ठ्यात एकच सापडली होती.

"फोन नको," मी म्हटलं. "ती इथंच आहे."

मॅडमनी वर बघितलं. त्यांना कळायला क्षणभर लागला. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पायानं काटा माझ्यासमोर सरकवला. मी चपला काढल्या आणि चढले. सदुसष्ट. सबब सांगायला अंगात स्वेटरही नव्हता.

"वय?"

"एक्कावन्न."

त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. केस बघितले, मान बघितली, हात बघितले. पेन हातात तसंच होतं, कागदाला टेकत नव्हतं. मी काट्यावरच उभी होते. खरं सांगून झालं होतं आणि आता समोरचं माणूस ते धरतं की नाही, एवढंच उरलं होतं. एवढं असहाय मला बावीस वर्षांत वाटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, खरंच एक्कावन्न," मी म्हटलं. "कागद आणून दाखवू का?"

"नको," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी एक्कावन्न लिहिलं. "उतरा आता, ताई."